रसद तुटलेले विज्ञान

एखाद्याचे ‘पानिपत झाले’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या त्या पराभवाचे एक कारण मात्र वाक्प्रचारात उतरलेले नाही: मराठी फौजेची रसद तुटली होती. अब्दालीने ऑक्टोबर १७६० मध्ये यमुना ओलांडून दिल्लीकडची वाट अडवली आणि तोफखाना व घोडदळ शाबूत असतानाच छावणीत उपासमार सुरू झाली. आज त्याच पानिपत जिल्ह्यात भारतीय कृषिविज्ञानाची अवस्था काहीशी तशीच आहे. सुधारित वाण आहेत, यंत्रे आहेत, नामांकित नियतकालिकांत छापलेले शोधनिबंध आहेत, नऊशे कोटींहून अधिक खर्चून उभारलेला इथेनॉल प्रकल्पही आहे. प्रयोगशाळेपासून बांधापर्यंत जाणारी वाट मात्र जवळजवळ ओस आहे. या वाटेला विद्यापीठांच्या परिभाषेत ‘विस्तारकार्य’ म्हणतात. विज्ञानाच्या राष्ट्रीय बातम्यांत वाण झळकतो, यंत्र झळकते, प्रकल्पाचे लोकार्पण झळकते. विस्तारकार्याच्या वाट्याला एक ओळही येत नाही.

या उपेक्षेमागे एक गैरसमज आहे. विस्तार म्हणजे प्रचार, मेळावा, घडीपत्रिका, मान्यवरांचा सत्कार, असे शास्त्रज्ञांनी, प्रशासकांनी आणि बातमीदारांनीही मनाशी ठरवून टाकले आहे. शोध लावणे हे बुद्धीचे काम आणि तो शेतकऱ्याला ‘समजावून सांगणे’ हे दुय्यम दर्जाचे काम, अशी ही उतरंड आहे. ती चुकीची आहे, आणि तिची किंमत पानिपतच्या शेतकऱ्यापासून दिल्लीतल्या श्वासापर्यंत सगळे मोजत आहेत.

विस्ताराची कल्पना मुळात अशी नव्हती. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने जमिनी देऊन शेतकी महाविद्यालये उभी केली, १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोग केंद्रे जोडून दिली आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने प्रत्येक परगण्यात विद्यापीठाचा माणूस नेमण्याची व्यवस्था केली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार हे एकाच संस्थेचे तीन पाय झाले. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी घराघरात पोहोचलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर भुईमुगामुळे लक्षात राहतात. पण १९०६ मध्ये टस्कीगी येथून निघालेली ‘जेसप वॅगन’ ही घोडागाडी त्यांच्या कामाचा तितकाच महत्त्वाचा भाग होती. अवजारे, बियाणे आणि प्रात्यक्षिकाचे साहित्य घेऊन ती गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या दारापर्यंत जात असे. अमेरिकी व्यवस्था निर्दोष नव्हती. ज्या जमिनी विकून महाविद्यालये उभी राहिली त्या मूळ रहिवाशांकडून हिरावलेल्या होत्या, आणि वंशभेदामुळे कृष्णवर्णीयांच्या संस्थांना निधीचा न्याय्य वाटा मिळाला नाही. तरीही विद्यापीठाचा माणूस गावाजवळ राहिला पाहिजे आणि त्याने गावचा प्रश्न विद्यापीठात परत नेला पाहिजे, हे तत्त्व त्या व्यवस्थेने कायद्यात बसवले.

भारताने हे तत्त्व कागदावर मनापासून स्वीकारले. १९६० मध्ये पंतनगरला याच धर्तीवर पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी येथे १९६८ ते १९७२ या काळात चार विद्यापीठे झाली. हरियाणात १९७० मध्ये हिसारचे विद्यापीठ झाले. १९७४ मध्ये पुदुच्चेरीत पहिले कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले आणि आज देशात अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने तर १९७७ मध्येच विस्ताराला अध्यापन आणि संशोधनाच्या बरोबरीचे, तिसरे कर्तव्य म्हणून मान्यता दिली. ती केवळ कृषी विद्यापीठांपुरती नव्हती. पदार्थविज्ञानाच्या, रसायनशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या विभागांनाही लागू होती.

कागदावरून जमिनीवर उतरले की चित्र पालटते. पानिपत जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र उझा येथे आहे आणि ते हिसारच्या चौधरी चरणसिंह हरियाणा कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. अशा केंद्राचा मंजूर कर्मचारीवर्ग सोळा जणांचा असतो. त्यात एक केंद्रप्रमुख, सहा विषयतज्ज्ञ, तीन कार्यक्रम सहायक आणि बाकीचे कार्यालयीन कर्मचारी, वाहनचालक व मदतनीस. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या थोडी वर होती आणि तीत निम्म्याहून अधिक लोक ग्रामीण होते. म्हणजे सर्व पदे भरलेली धरली तरी एका विषयतज्ज्ञामागे सुमारे लाखभर ग्रामीण माणसे येतात. त्याच तज्ज्ञाने शेतावर चाचण्या घ्यायच्या, प्रात्यक्षिके करायची, प्रशिक्षण वर्ग चालवायचे, अहवाल भरायचे आणि दिल्लीहून येणाऱ्या प्रत्येक मोहिमेत उभेही राहायचे.

त्याचा परिणाम राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००३ मध्ये मोजला. आधुनिक शेतीची माहिती कोणत्याही स्रोताकडून मिळते असे सांगणारी शेतकरी कुटुंबे सुमारे ४० टक्के होती. गावातल्या प्रगतिशील शेतकऱ्याकडून माहिती घेणारी १६.७ टक्के, खते-बियाण्यांच्या विक्रेत्याकडून घेणारी १३.१ टक्के आणि कृषी विज्ञान केंद्राकडून घेणारी अवघी ०.७ टक्के. त्यानंतर केंद्रांची संख्या वाढली, मोबाइल आला. तरी त्या आकड्यांतला धडा जुना होत नाही: सल्ल्याची जागा कधी रिकामी राहत नाही. विद्यापीठ तिथे गेले नाही, तर दुकानदार जातो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. कोणते औषध, किती मात्रेत, कशात मिसळून आणि कोणत्या संरक्षणाने फवारायचे, हे ज्ञान विद्यापीठांकडे होते. ज्याच्या पाठीवर पंप होता, त्याच्यापर्यंत ते पोहोचले नव्हते.

पानिपतच्या बाबतीत हा प्रश्न भाताच्या पेंढ्यात, म्हणजे हरियाणात ज्याला पराली म्हणतात तिच्यात, सर्वांत स्पष्ट दिसतो. भूजल झपाट्याने खाली जात असल्यामुळे हरियाणाने २००९ मध्ये कायदा करून १५ जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. हेतू योग्य होता. उन्हाच्या तडाख्यात पाणी कमी उडावे आणि पावसावर पीक यावे, हे विज्ञानही बरोबर होते. पण लावणी पुढे गेली की कापणीही पुढे जाते, आणि गव्हाची पेरणी मात्र पुढे ढकलता येत नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरलेला गहू मार्चच्या उष्णतेत सापडतो आणि दाणा भरण्याआधीच आकसतो. मार्च २०२२ च्या विक्रमी उष्णतेने हे साऱ्या देशाला दाखवून दिले. त्याच वर्षी १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये उरले दोन-तीन आठवडे. त्यात शेत मोकळे करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे काडेपेटी.

पुढचा भाग वातावरणाच्या पदार्थविज्ञानाचा आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरमध्ये उत्तर भारतात वारा मंदावतो, रात्री जमीन लवकर थंड होते आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. धूर वर चढून विरळ होत नाही. आग लावण्याचा काळ नेमका या दिवसांत सरकल्यामुळे तोच पेंढा अधिक घातक ठरू लागला. पाणी वाचवण्याच्या धोरणाने हवेचे संकट तीव्र केले, हा निष्कर्ष २०१९ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’मधील अभ्यासाने मांडला, म्हणजे कायद्यानंतर दहा वर्षांनी. कापणीची तारीख सरकते आहे आणि शेतकरी हातघाईवर आला आहे, हे त्याच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला पहिल्याच हंगामात दिसले असते. मात्र त्याचे ऐकून ते धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाचीही नव्हती.

उपाय नव्हते असेही नाही. लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी मिळून विकसित केलेले ‘हॅपी सीडर’ हे यंत्र पेंढा न जाळता, न काढता थेट गहू पेरते. त्याची फिरती पाती फणापुढचा पेंढा कापून बाजूला सारतात, बी उघड्या मातीत पडते आणि पेंढा आच्छादन म्हणून वर राहतो. उसाचे पाचट न जाळता खोडव्यात पसरण्याचा सल्ला महाराष्ट्रात दिला जातो, तेच तत्त्व इथे आहे. जाळण्यापेक्षा ही पद्धत सरासरी १० ते २० टक्के अधिक फायद्याची ठरते, असे २०१९ मध्ये ‘सायन्स’मधील लेखाने दाखवले. मग ती शेतकऱ्याने तत्काळ का उचलली नाही? शहरी वाचकाकडे उत्तर तयार असते: अडाणीपणा, हट्ट, फुकटेपणा.

खरे उत्तर तपशिलात आहे. यंत्र ओढायला दमदार ट्रॅक्टर लागतो आणि तो लहान शेतकऱ्याकडे नसतो. कंबाइन हार्वेस्टर पेंढ्याचे पट्टे मागे सोडते. ते बारीक करून पसरवणारे जोडयंत्र हार्वेस्टरला नसेल, तर पेरणी यंत्र तुंबते. दवाने पेंढा ओला असतो, त्यामुळे सकाळी उशिरापर्यंत काम सुरू करता येत नाही. भाड्याने मिळणारे यंत्र एकाच आठवड्यात सगळ्या गावाला हवे असते. पेरल्यावर कोवळे रोप पेंढ्याच्या थरात विरळ दिसते आणि शेजारचे काळेभोर, नांगरलेले रान पाहून मालकाचा धीर सुटतो. आच्छादनात उंदीर आणि खोडकिडा वाढेल ही धास्तीही असते. यांतली एकही अडचण अनुदानाने किंवा दंडाने सुटत नाही. पहिल्या दोन हंगामांत पेरणीच्या दिवशी आणि नंतरच्या तीन आठवड्यांत कोणी जाणता माणूस शेतात उभा राहिला, तर त्यांपैकी बहुतेक सुटतात. याचेच नाव विस्तार.

त्याऐवजी धोरणाने दंडुका उचलला. ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणा सरकारने पेंढा जाळणाऱ्याच्या नोंदीत लाल शेरा मारून त्याला दोन हंगाम बाजार समितीत माल विकू न देण्याचा आदेश काढला. पुढच्याच महिन्यात केंद्राने दंड दुप्पट केला: दोन एकरांपर्यंत ५ हजार, पाच एकरांपर्यंत १० हजार आणि त्यापुढे ३० हजार रुपये. समर्थक आकडे दाखवतात, आणि ते आकडे खरेच लक्षणीय आहेत. हरियाणात १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या काळात नोंदलेल्या आगी २०२१ मध्ये ६,९८७ होत्या; २०२४ मध्ये १,४०६. यात यंत्रांचे आणि राज्य सरकारच्या एकरी प्रोत्साहन रकमेचेही श्रेय आहे. पण विज्ञानाच्या वाचकाने इथे मोजमापाचे साधनही तपासले पाहिजे. ही मोजणी ज्या ध्रुवीय उपग्रहांवर मुख्यतः अवलंबून आहे, ते दिवसा या भागावरून साधारण दुपारी दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी लावलेली आग त्यांच्या नजरेतून सहज निसटते, आणि आगी दिवसा उशिराकडे सरकल्याचा इशारा २०२४ मध्ये उपग्रहशास्त्रज्ञांनीच दिला. म्हणजे घटलेल्या आकड्यात बदललेली शेती किती आणि बदललेले घड्याळ किती, हे आकाशातून ठरवता येत नाही. ते गावात जाऊनच कळते. दंडाच्या भीतीने शेतकरी अधिकाऱ्यापासून लपू लागला, तर गावात जाऊनही कळणार नाही. विस्ताराची भिस्त विश्वासावर असते, आणि पंचनामा करणारा व सल्ला देणारा एकाच गाडीतून उतरू लागला की तो विश्वास संपतो.

बातम्यांना आवडणाऱ्या उपायांची गतही वेगळी नाही. २०२० मध्ये ‘पुसा डिकंपोझर’चा गाजावाजा झाला: कॅप्सूलमधल्या बुरशीचे द्रावण फवारा, पेंढा कुजेल. पण त्याला तीन आठवड्यांच्या आसपास वेळ आणि पुरेसा ओलावा लागतो, आणि शेतकऱ्याकडे नेमका तेवढाच वेळ नसतो. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतच्या तेलशुद्धीकरण केंद्रालगतच्या इथेनॉल प्रकल्पाचे लोकार्पण झाले. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, ही त्याची घोषित क्षमता. तंत्रज्ञान म्हणून हे पाऊल मोलाचे आहे. पण हेक्टरी सहा टन पेंढा धरला, तर दोन लाख टन म्हणजे सुमारे ३३ हजार हेक्टर, आणि हरियाणात भात चौदा लाख हेक्टरांच्या आसपास आहे. प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तरी राज्याचा अडीच टक्क्यांहून कमी पेंढा खपेल. तोसुद्धा तीन-चार आठवड्यांत गोळा करून, गठ्ठे बांधून, आगीपासून जपून वर्षभर साठवावा लागेल. गठ्ठे बांधणारे यंत्र कोणाच्या शेतात कधी पोहोचणार, उरलेल्या खुंटांचे काय, ओला पेंढा कोण नाकारणार, हे प्रश्न जैवतंत्रज्ञानाचे नाहीत. ते सुटल्याशिवाय जैवतंत्रज्ञान मात्र चालत नाही.

विस्तार फक्त शेतापुरता का मानला जातो, हाही प्रश्न पानिपत विचारायला लावते. हे शहर हातमागाचे, सतरंज्यांचे आणि जगभरातल्या जुन्या कपड्यांपासून सूत काढून घोंगड्या विणणाऱ्या उद्योगाचे आहे. १ जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील उद्योगांना कोळसा वापरण्यास बंदी आली आणि रंगाईच्या कारखान्यांना बॉयलरसाठी दुसरे इंधन शोधावे लागले. एकीकडे जाळू नये असा पेंढा, दुसरीकडे जाळायला हवे असलेले इंधन, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. पण भाताच्या पेंढ्यात सिलिका आणि पोटॅशियम भरपूर असते. त्याची राख कमी तापमानाला वितळून बॉयलरच्या नळ्यांना चिकटते. मिश्रण किती ठेवावे, तापमान कुठवर न्यावे, सफाई कधी करावी, हे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सोडवता येण्याजोगे प्रश्न आहेत. त्याला त्या बॉयलरच्या माणसापर्यंत नेणारी संस्था नाही. जुने कपडे फाडणाऱ्या आणि निवडणाऱ्या बाया दिवसभर ज्या धुळीत बसतात, ती धूळ मोजायला आणि स्वस्त हवाखेळ सुचवायला कोणतेही ‘केंद्र’ त्यांच्याकडे जात नाही. कृषी विज्ञान केंद्रात गृहविज्ञानाचा विषय असतो खरा, पण त्याची ओळख लोणची-पापडांच्या प्रशिक्षणापुरती उरते. गोठा, पेरणी, निंदणी आणि साठवण ज्या स्त्रियांच्या हातून होते, त्यांच्या नावावर जमीन नसते म्हणून ‘शेतकरी’ या शीर्षकाखाली त्यांना निमंत्रणही जात नाही.

यावर सरकारचे उत्तर मोहिमेचे असते. २९ मे ते १२ जून २०२५ या काळात ‘विकसित कृषी संकल्प अभियाना’त २,१७० पथके देशभर फिरली, दीड कोटी शेतकऱ्यांशी थेट संवाद हे उद्दिष्ट होते. शास्त्रज्ञ गावात गेले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण भागाकार करून पाहावा. २,१७० पथके गुणिले १५ दिवस म्हणजे ३२,५५० पथक-दिवस. दीड कोटींना त्याने भागले, तर एका पथकाला रोज सुमारे ४६० शेतकरी. दिवसाचे दहा तास धरले, तर माणशी सव्वा मिनिट. सव्वा मिनिटात संवाद होत नाही, सभा होते. आणि मे-जूनमध्ये झालेली सभा नोव्हेंबरमध्ये तुंबलेल्या पेरणी यंत्राजवळ हजर नसते.

दुसरे उत्तर बाजारवादी मंडळींचे: हातात मोबाइल आहे, यूट्यूब आहे, कंपन्यांचे प्रतिनिधी आहेत, विद्यापीठाची गरज काय? माहिती पोहोचवण्यापुरता हा मुद्दा मान्य करता येईल. पण विस्ताराचे अर्धे काम उलट दिशेचे आहे, म्हणजे शेतातले अपयश प्रयोगशाळेत परत नेण्याचे. चित्रफीत शेतकऱ्याचे ऐकत नाही. कंपनीचा प्रतिनिधी ऐकतो, पण ‘हे औषध मारू नका, गरज नाही’ असे सांगण्यासाठी त्याला पगार मिळत नाही. ज्या सल्ल्यातून काहीच विकले जात नाही, तो सल्ला सार्वजनिक संस्थेनेच द्यायचा असतो.

याच प्रदेशात हे एकदा झालेले आहे. पानिपतच्या शेजारी कर्नालला १९६९ पासून केंद्रीय क्षारयुक्त मृदा संशोधन संस्था आहे. जिप्समने चोपण जमीन सुधारते हे रसायनशास्त्र पुस्तकात जुनेच होते. पण किती जिप्सम, किती खोलवर, बांध कसे घालायचे, पहिले पीक कोणते, हे शेतकऱ्यांच्या जमिनीवर बसवून दिले गेले. जिप्समचा पुरवठा आणि अनुदान त्याला जोडले गेले. आणि उत्तरेतल्या लाखो हेक्टर पांढऱ्याफटक जमिनी पिकाखाली आल्या. त्या यशात शोध आणि विस्तार यांची गाठ सुटू दिली नव्हती.

आज ती गाठ सुटते ती शास्त्रज्ञाच्या मूल्यमापनात. निवड आणि बढतीच्या वेळी शोधनिबंधांचे गुण मोजले जातात. नियतकालिकांनाही श्रेणी असते. चाळीस शेतांवर तीन हंगाम घेतलेली, निम्म्या ठिकाणी फसलेली चाचणी मात्र केंद्राच्या वार्षिक अहवालात पुरली जाते. पदार्थविज्ञानात नकारात्मक निष्कर्षाला मान आहे. मायकेल्सन आणि मॉर्ली यांच्या १८८७ च्या प्रयोगाला न सापडलेल्या गोष्टीनेच अमर केले. बांधावरच्या नकारात्मक निष्कर्षाला तोच मान का नसावा? शेतावरच्या चाचण्यांची कच्ची माहिती, अपयशासह, खुली करावी. विस्ताराच्या नोंदीला बढतीत शोधनिबंधाइतके वजन द्यावे. विषयतज्ज्ञ जिल्ह्याला सहा नव्हे, तालुक्या-तालुक्याला असावेत आणि त्यांच्याकडून दंडवसुलीचे काम घेऊ नये. कृषीबाहेरच्या विद्यापीठांनी १९७७ चे आपले तिसरे कर्तव्य रासेयोच्या श्रमदान शिबिरावर भागवू नये. यांतल्या एकाही मागणीला नवा शोध लागत नाही.

आणि विज्ञानाच्या बातम्या वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक सवय लावून घ्यावी. नवे वाण, नवी कॅप्सूल, नवा प्रकल्प यांची बातमी आली, की क्षमतेचा आकडा वाचून थांबू नये. तिसऱ्या हंगामात ते किती शेतांवर टिकले, कोणी सोडून दिले आणि का सोडले, हे विचारावे. बातमीत त्याचे उत्तर नसेल, तर ती बातमी अजून अर्धीच लिहून झाली आहे.